पार्ट टाइम म्हणजे दहा ते नऊ

शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी चार टाळकी जमली की विषय कुठूनही सुरू होवो, शेवटी 'आजकालच्या पोरां'वरच येऊन थांबतो. परवाही तेच. एका काकांचा मुलगा कॅनडात शिकतोय. काका सांगत होते, "कॉलेज सांभाळून आठवड्याला वीस-बावीस तास स्टोअरमध्ये उभा राहतो. माल लावतो, बिलिंग करतो, फरशीसुद्धा पुसतो. स्वतःचं भाडं स्वतः काढतो. नाहीतर आपल्याकडची पोरं! यांना कामाची लाज वाटते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. (सवय आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये रोज तेच करतो.)

घरी आलो आणि मग स्वतःचाच राग आला. कारण हे खोटं आहे हे मला चांगलं माहीत होतं. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः ते बघून आलो होतो. तर आधी तो किस्सा.

आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी. एस. वाय. बी. कॉम. वडील टेम्पो चालवतात, पण मणक्याचं दुखणं निघालं आणि चार महिने घरी बसले. आई डबे करून देते. एका रविवारी ती माझ्याकडे सीव्ही घेऊन आली. "दादा, हा जरा बघता का? आणि पार्ट टाइम कुठे मिळेल? संध्याकाळचे चार तास आणि शनिवार-रविवार पूर्ण. दुकानात चालेल. कुठलंही काम चालेल."

दुकानात चालेल. कुठलंही चालेल. यात लाज कुठे दिसली तर मला दाखवा.

मी म्हटलं, "अगं, त्यात काय! मिळेल की." कीबोर्डवर पोट असलेल्या माणसाला असा आत्मविश्वास फुकट मिळतो. लगेच नोकऱ्यांच्या दोन-तीन साइट उघडल्या. पनवेल, रिटेल, पार्ट टाइम असं टाकलं. यादी आली भलीमोठी. उघडून बघतो तर निम्म्या नोकऱ्या डिलिव्हरीच्या, स्वतःची बाईक हवी. काही 'घरबसल्या कमवा' छापाच्या, जिथे आधी आपणच पैसे भरायचे. उरलेल्यांना फोन केले तेव्हा उलगडा झाला. 'पार्ट टाइम' हा शब्द फक्त सर्चमध्ये सापडावं म्हणून टाकलेला असतो. नोकरी फुल टाइमच.

म्हटलं ठीक आहे, प्रत्यक्ष फिरू. पुढच्या शनिवारी ती, तिची आई आणि मी निघालो. आधी नवीन पनवेल, मग रेल्वेच्या पलीकडे जुनं पनवेल. कपड्यांची दुकानं, चपलांचं, मोबाईलचं, एक मोठं किराणा स्टोअर, एक मेडिकल. एकूण सात दुकानं. कोणी वाईट बोललं नाही हे मुद्दाम सांगतो. एका मालकांनी तर आम्हाला बसवून चहा पाजला. पण उत्तर सातही ठिकाणी एकच आलं. वेळ दहा ते नऊ. आठवड्याला एक सुट्टी, शनिवार-रविवार सोडून.

मी विचारलं, "आणि कॉलेज?"

चहावाले मालक म्हणाले, "परीक्षेला सोडतो ना आपण! आमच्याकडच्या सगळ्या पोरी शिकतच आहेत."

मंडळी, हे वाक्य परत एकदा वाचा. सगळ्या पोरी शिकतच आहेत. म्हणजे नाव कॉलेजात आणि माणूस काउंटरवर.

शेवटी तिने त्यातलंच एक धरलं. सकाळी सव्वानऊला विचुंब्यातून शेअर रिक्षा, रात्री पावणेदहाला परत. आठवड्यातून सहा दिवस. कागदोपत्री ती आजही पूर्णवेळ विद्यार्थिनी आहे. कॉलेजचा ७५ टक्के हजेरीचा नियमही जागच्या जागी आहे. तो कसा पाळला जातो हे न विचारलेलंच बरं.

तर माझा मुद्दा साधा आहे. आपल्याकडची मुलं शिकता शिकता दुकानात काम करत नाहीत याचं कारण लाज नाही. कारण घड्याळ आहे. दुकानाचं घड्याळ आणि कॉलेजचं घड्याळ एकमेकांवर बसवलेलं आहे, आणि मधे सापडतो तो विद्यार्थी. लाजेचं भाषण सोपं, कारण त्याला खर्च नाही. घड्याळ बदलायचं तर कोणालातरी काहीतरी करावं लागेल.

काम नाही म्हणावं तर तसंही नाही. विचुंबे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवीन पनवेलला चिकटून असलेलं गाव. २०१६ साली पनवेल महापालिका झाली, आम्ही ग्रामपंचायतीतच राहिलो. वरून सिडकोच्या 'नैना'चा शिक्का. भाडी शेजारच्या नवीन पनवेलपेक्षा कमी, त्यामुळे इथे रिक्षावाले, टेम्पोवाले, दुकानात काम करणारे आणि माझ्यासारखे ईएमआयवाले एकाच जिन्यात राहतात. पनवेलला एसटी स्टँडजवळ ओरायन मॉल आहे. आपल्याच तालुक्यातल्या नव्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. 'सेल्सगर्ल पाहिजेत, अनुभवाची गरज नाही' अशा पाट्या दर चार दुकानांमागे एक. काम भरपूर आहे. अर्ध्या दिवसाचं काम नाही.

आता काकांच्या कॅनडाकडे वळू. तिथे परदेशी विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी २० होते). ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. ब्रिटनमध्ये डिग्री करणाऱ्याला आठवड्याला २०. हे आकडे आपण 'केवढी संधी!' म्हणून वाचतो. पण ती संधी नाही, ती मर्यादा आहे. सरकारला 'याहून जास्त करू नका' म्हणून सांगावं लागतं, कारण तिथे काम मुळात तासांनी मोजून मिळतं. पगार तासावर, शिफ्ट चार-पाच तासांची. (तिकडे स्वर्ग आहे असं नाही. परदेशी मुलांकडून अवाच्या सवा फी घेतात, त्यातलं थोडंसं मुलं काउंटरवर उभं राहून भरून काढतात.)

आणि तिथे जाऊन फरशी पुसणारा तो मुलगा कोण? पनवेलचाच ना? मग विमानात बसताना त्याची लाज कस्टमवाल्यांनी काढून घेतली का? मुलगा तोच आहे. घड्याळ बदललं.

"पण आपल्याकडे हे जमणार नाही हो" असं म्हणणाऱ्यांना इतिहासातली दोनच नावं सांगतो.

पहिलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळी लवकर भरवले. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. ज्याला पोटासाठी काम करावंच लागतं त्याला त्यांनी आधी नोकरी सोडून ये असं सांगितलं नाही. कॉलेजचंच घड्याळ सरकवलं.

दुसरं, कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हे नुसतं घोषवाक्य न ठेवता वसतिगृहाच्या आणि कॉलेजच्या दिनक्रमातच बसवलं. मुलं शेतात राबायची, बांधकामावर राबायची आणि शिकायची. म्हणजे त्यांनी कामच शिक्षणाच्या घड्याळात आणलं. फार लांब जायला नको, पनवेलचं महात्मा फुले कॉलेज याच रयतेचं.

दोन वेगळ्या वाटा, पण दोघांनीही घड्याळाला हात घातला. आपण काय केलं? दोघांचे फोटो लावले, जयंतीला हार घातले आणि घड्याळ होतं तिथे परत नेऊन ठेवलं. 'कमवा आणि शिका' योजना आजही कॉलेजांत असते. पण ती बहुतेक ठिकाणी ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्या, ऑफिसात फायली आवरणाऱ्या मोजक्या मुलांपुरती. कॉलेजच्या फाटकाबाहेर जी हजारो तासांची कमाई पडलेली आहे तिच्याकडे कोणी बघतच नाही.

आता दुकानदाराची बाजू. तीही ऐकली पाहिजे, कारण ते काही खलनायक नाहीत.

एक, शिकवलेला माणूस टिकत नाही. बरोबर. पण आत्ता कुठे टिकतो? दहा ते नऊ उभं राहून कंटाळलेली माणसं दोनशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या दुकानात जातातच. उलट पहिल्या वर्षाची मुलगी तीन वर्षं याच गावात राहणार आहे.

दोन, माल कमी आला, गल्ल्यात फरक पडला तर जबाबदार कोण? हाही खरा प्रश्न. पण बिलिंगच्या मशीनवर प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असतं, शिफ्ट संपताना गल्ला मोजून द्यायचा असतो. ही सोय कधीची आहे. वापरत नाही ती गोष्ट वेगळी.

तीन, परीक्षा आली की सगळ्या एकदम सुट्टी मागतात. मान्य. पण परीक्षेचं वेळापत्रक आधी लागतं आणि सगळी कॉलेजं, सगळी वर्षं एकाच दिवशी परीक्षेला बसत नाहीत.

चौथं कारण कोणी उघड बोलत नाही, ते कायद्याचं. आपले कायदे तास मोजत नाहीत, डोकी मोजतात. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा कामगारांपासून लागू होत होता, २०२५ मध्ये सरकारने ती संख्या वीसवर न्यायचं ठरवलं. पीएफसुद्धा वीस डोक्यांपासून. आता समजा दुकानात बारा जण पूर्णवेळ आहेत. त्यातल्या नऊ जणांच्या जागी अर्धवेळ अठरा ठेवले तर काम तेवढंच, तास तेवढेच, पण डोकी एकवीस. झालं! रजिस्टरं, फॉर्म, भरणा. कुठला मालक करेल? जो कायदा कामगाराच्या रक्षणासाठी आहे तोच इथे विद्यार्थ्याच्या वाटेत आडवा पडतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हे मोजमाप माणसांऐवजी तासांनी केलं तर प्रश्नच मिटतो.

आणि त्याच २०२५ मध्ये काय झालं ते बघा. २०१७ च्या कायद्यात दुकानात दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम होतं. दहा ते नऊमधून जेवणाचा तास वजा केला तर उरतात दहा. म्हणजे तासभर आधीपासूनच जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काय केलं, तर मर्यादाच नऊवरून दहावर न्यायला मंजुरी दिली. दुकानाच्या घड्याळाशी जुळवून घ्यायला कायदा पटकन वाकतो. त्या मुलीच्या घड्याळाशी जुळवून घ्यायला कोण वाकणार?

गंमत म्हणजे अर्धवेळ कामाचा विचार आपल्या सरकारने केलाच नव्हता असं नाही. दुकानांसाठीच्या किमान वेतनाच्या २०१० च्या अधिसूचनेत अर्धवेळ कामगारासाठी सूत्र दिलं होतं. दिवसाच्या दराला आठने भागायचं आणि येईल त्यात १५ टक्के वाढवायचे. म्हणजे अर्धवेळवाल्याचा तासाचा दर पूर्णवेळवाल्यापेक्षा जास्त! ज्या १९४८ च्या कायद्याखाली ती अधिसूचना निघाली तो नोव्हेंबर २०२५ मध्ये जाऊन वेतन संहिता आली, पण त्या सूत्रामागचं तत्त्व आजही शंभर टक्के बरोबर आहे. हिशेब करून बघा. समजा दिवसाचा दर ५२० रुपये. भागिले आठ, ६५. त्यावर १५ टक्के, ७४ रुपये ७५ पैसे. आठवड्याला २० तास काम केलं तर १,४९५. चार आठवड्यांचे ५,९८०. त्या मुलीला नेमके एवढेच हवे होते. घरात थोडी मदत, फी, रिक्षा, पुस्तकं. ती काही लाखाचं पॅकेज मागत नव्हती.

आता आपल्या धंद्याबद्दल. वेबसाइटवर शनिवारी संध्याकाळी गर्दी होते म्हणून आपण बाराही महिने तेवढे सर्व्हर चालू ठेवतो का? लोड बघतो, वाढवतो, कमी करतो. मग ज्या दुकानात शनिवारी सहाला बिलिंगची रांग दारापर्यंत येते आणि मंगळवारी दुपारी दोनला सगळे माशा मारत बसतात, तिथे दोन्ही वेळी तेवढीच माणसं का? नेमके गर्दीचे तास म्हणजे कॉलेज सुटल्यानंतरचे आणि शनिवार-रविवारचे. दुकानाला जेव्हा जास्त हात हवेत तेव्हाच विद्यार्थी मोकळा असतो. यापेक्षा सोपी जुळणी आयुष्यात कुठल्या प्रोजेक्टमध्ये मिळणार नाही :)

इथे एक धोका आहे, तो लपवत नाही. अमेरिकेत मोठ्या दुकानांनी हेच सॉफ्टवेअर लावलं आणि माणसांना सर्व्हरसारखंच चालू-बंद करायला लागले. आदल्या रात्री कळणार उद्या काम आहे की नाही. त्याविरुद्ध ओरड झाली. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने मोठ्या साखळी दुकानांना दोन आठवडे आधी वेळापत्रक देणं बंधनकारक केलं, २०१७ मध्ये ओरेगन राज्याने तसा कायदा केला. आपल्याकडे डिलिव्हरी अॅपवाल्यांनी कामाचे तुकडे पाडून दाखवलेच आहेत, पण कमाईचा भरवसा नाही, बाईक आपली, पाऊस आपला. म्हणून मला हवंय ते अर्धवेळ काम ठरलेल्या तासांचं, लेखी दराचं आणि आधी जाहीर केलेल्या वेळापत्रकाचं. दुकानाला छप्पर आहे, पंखा आहे, बाथरूम आहे. डिलिव्हरीच्या बाईकवर यातलं काय आहे?

"पण विद्यार्थ्याने अभ्यास करावा, कामं कशाला?" हा आक्षेप येणारच. ज्याच्या घरी फी भरायची ऐपत आहे त्याने जरूर नुसता अभ्यास करावा, मीही तेच केलं. शिष्यवृत्ती वेळेवर आणि पुरेशी मिळाली तर फारच उत्तम. पण त्या मुलीपुढे 'अभ्यास की काम' असा पर्याय कधी नव्हताच. तिच्यापुढे होते आठवड्याला २० तास किंवा ६० तास. आपण २० चा दरवाजा बंद ठेवला आहे आणि ६० चा उघडा. त्याला शिक्षणाची काळजी म्हणू नका.

करायचं काय? फार काही नाही. दुकानदारांनी पाटीवर 'चार ते नऊ' अशी एक ओळ वाढवावी आणि तासाचा दर लिहावा. कॉलेजांनी निदान एका वर्षाची एक तुकडी सकाळी साडेदहाच्या आत मोकळी करावी. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. पंधरा आठवडे शनिवार-रविवार चार-चार तास काउंटरवर काढले की झाले १२०! बी. कॉम.च्या मुलीने दुकानात स्टॉक आणि बिलिंग सांभाळणं हे ऑन जॉब ट्रेनिंग नसेल तर दुसरं काय आहे? मग ओळखीच्या सीएकडून सर्टिफिकेट आणायची वेळ येणार नाही.

आणि आपण? आपल्या कंपनीत फ्लेक्सी टायमिंग आहे. अकराला गेलं तरी चालतं, बुधवारी घरून केलं तरी चालतं, आणि ते नाही मिळालं तर आपण राजीनामा टाकतो. ज्याला जास्त पगार त्यालाच घड्याळ वाकवायची मुभा, असा हा न्याय आहे. दुकानातल्या माणसाला काही मिळतं ते कोणीतरी मागितलं तरच मिळतं. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायका दिवसभर उभ्या असायच्या. त्यांनी बसायला मिळावं म्हणून लढा दिला तेव्हा २०१८ मध्ये कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. साधी खुर्ची, तीसुद्धा मागावी लागली. अर्धी शिफ्ट आपल्याकडे अजून कोणी मागितलेलीच नाही, कारण ज्यांचा आवाज पोचतो त्यांना तिची गरज नाही आणि ज्यांना गरज आहे ते रात्री पावणेदहाला घरी पोचतात.

काल काका परत भेटले. त्यांचा नवीन पनवेलला एक गाळा आहे, मुलांच्या कपड्यांचा. विचारलं, "काका, तुमच्याकडे चार ते नऊ कोणाला ठेवाल का? आपल्या बिल्डिंगमधलीच आहे, कॉलेज करते."

"ठेवलं असतं रे. पण ऐन गर्दीत परीक्षा निघाली तर काय करायचं?"

"तुमचा मुलगा परीक्षेच्या वेळी काय करतो?"

"तिकडे काय, शिफ्ट बदलून देतात."

बोलले आणि मग थांबले. मीही पुढे काही बोललो नाही. जाताना म्हणाले, "दिवाळीच्या आधी बघू, तेव्हा माणूस लागेलच." बघू म्हणजे नाही, हे मला कळतं. तरी या वेळी मी त्यांना परत विचारणार आहे.

असो. उद्या रविवार. तुम्ही कुठेतरी बिलिंगच्या रांगेत उभे असाल. पलीकडे जी मुलगी उभी असेल तिला सहज विचारा, कॉलेज कुठलं? आणि मग विचारा, शेवटचं कधी गेली होतीस?